बारा वाजेपर्यंत न आल्यास

स्वतःच्या मालकीच्या जागेत पाऊल टाकायला इतका भिणारा घरमालक तेव्हाच्या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि इतकं भिऊनही दर महिन्याला न चुकता तिथं जाणारा तर साऱ्या जगात झाला नसेल. मुलांनो, मी सांगते आहे ते तुमच्या आजोबांच्या धाकट्या काकांबद्दल. मी त्यांना धाकटे मामंजी म्हणे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचा फोटोही एकच आहे आणि त्यात ते छायाचित्रकाराकडे संशयानं बघताहेत. म्हणून हे लिहून ठेवते.

मी बी.ए. होऊन, लग्न करून मालवणात आले तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आपल्याकडे दारूबंदी होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी असल्यावर मधल्या मुलखात काय चालत असेल ते तुम्ही ओळखाल. बांद्याकडून रस्त्यानं आणि देवबागेकडून खाडीतून जे काही गुपचूप येई, त्यातलं पुष्कळसं मालवणात येऊन ज्या ठिकाणी विसावे, ते ठिकाण नेमकं धाकट्या मामंजींच्या मालकीचं होतं. बंदरामागच्या सुक्या मासळीच्या वखारी ओलांडल्या की चिऱ्यांच्या अकरा खोल्यांची एक लांबलचक ओळ लागे. गाव तिला नुसतं ‘ओळ’ म्हणे. गलबतांवरचे खलाशी, बंदरावरचे हमाल, आज इथं तर उद्या वेंगुर्ल्याला असणारे पत्त्यांचे शौकीन असे भाडेकरू. तिथं सकाळी सुरू झालेला वाद दुपारपर्यंत मासळी कापायच्या कोयत्यापाशी पोचे. सभ्य माणसं त्या बाजूला काम निघालंच तर ते काम रद्द करीत. आणि मामंजी, ज्यांना आमच्या घरच्या मांजरानं अचानक उडी मारली तरी घाम फुटे, ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला तिकडे निघत.

भाड्यासाठी नव्हे बरं का! भाडं ते लोक घरी आणून द्यायला एका पायावर तयार होते. मामंजी जात ते कौलं बघायला. “भाडं घरी येईल गो,” ते मला म्हणत, “पण कौल फुटलं तर ते सांगायला माझ्या घरी येईल का? ज्यानं आपलं छप्पर बघितलं नाही तो कसला मालक?” धाकट्या सासूबाई, म्हणजे मामंजींच्या पत्नी, तर “जावचा तर जावा, पण माझ्या डोळ्यांसमोर तयारी करू नकात,” म्हणून स्वयंपाकघरात निघून जात.

कारण ती तयारी! आदल्या दिवशीच सुरू होई. कोणी पैसेवाला समजू नये म्हणून घरातला सर्वांत जुना, दोन्ही कोपरांना ठिगळं लावलेला कोट बाहेर निघे. बोटातली अंगठी देवापुढे ठेवली जाई. छत्री बाराही महिने बरोबर असे आणि तिचं टोक लोहाराकडून मुद्दाम घासून आणलेलं. गळ्यात, सदऱ्याच्या आत, दोरीला बांधलेली शिट्टी. पळायची वेळ आली तर पायातून निसटू नयेत म्हणून वहाणा सुंभानं पावलांना बांधलेल्या. मग घरासमोरच्या खळ्यात पळण्याचा सराव! एक हात धोतराला, एक हात छत्रीला, आणि तोंडानं “एक, दोन, तीन” असे मामंजी एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत धावत; पलीकडच्या घरातली माणसं कामं सोडून पडवीत येऊन बसत. ओळीत गेल्यावरचे नियम वेगळे. रस्त्याच्या बरोबर मधून चालायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे कोयते सारख्या अंतरावर राहतात. कोणाच्याही घरात दाराजवळच बसायचं. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. निघताना कोणाकडे पाठ करायची नाही, मागं मागं चालत यायचं. त्यापायी एकदा ते एका कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले, आणि कोंबड्यांची माफी मागून तसेच मागं मागं निघाले. बोलताना दर दोन वाक्यांनंतर “काल फौजदारसाहेब मला म्हणाले” हे घालायचं. फौजदारांशी त्यांची ओळख नव्हती. चौकीवरून जाताना ते छत्री उघडून तोंड लपवीत.

ओळीच्या तोंडाशी पिंपळाखाली एक शेंदूर लावलेला राखणदार होता. तिथं थांबून मामंजी गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्या आवाजात, सगळ्यांच्या देखत केलेली विनवणी, एकानं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणून दुजोरा द्यायचा. आपल्याकडे त्याच्याशिवाय ना लग्न होत, ना होडी पाण्यात जात. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारे मामंजी घाबरले की मालवणीवर येत, आणि इथं तर पुरते येत. हात जोडून, डोळे मिटून ते म्हणत, “बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू ओळीत पाय घालता हा, तेका जसा सरळ आत न्हेतंस तसाच सरळ भायर काढ. कोणाच्या हातात कोयतो असात तर तो मासळीर पडांदे, माझ्यार नको रे म्हाराजा!” पारावर बसलेले हमाल एका सुरात ओरडत, “व्हय म्हाराजा!” मग त्यातलाच एखादा जोडून देई, “आणि फुटकी कौला येळेर बदलूची बुद्धी दी रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!”

या सगळ्या भीतीचा मेरुमणी म्हणजे तिसऱ्या खोलीतला म्हातारा तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. सहा फूट उंची, छाती दरवाजाएवढी, आणि डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत व्रण. तो म्हणे, नांगराचा दोर लागला. मामंजी म्हणत, असा कोणता दोर इतका सरळ कापतो? हा तांडेल दारात बसून त्यांना गोड आवाजात सांगे, “काकानू, भियां नकात. आज सोमवार, आज आमी कोणाक मारूक नाय.” मामंजी पुढचे दोन दिवस जेवत नसत.

माझी नेमणूक पाकिटावर झाली. निघताना मामंजी माझ्या हातात एक लाखेनं बंद केलेलं पाकीट देत. वर लिहिलेलं असे, ‘बारा वाजेपर्यंत न आल्यास उघडावे.’ पूर्वी हे काम धाकट्या सासूबाईंकडे होतं, पण त्या बारा वाजता आमटीला फोडणी देत असत आणि पाकिटाची आठवण त्यांना मामंजी परत आल्यावर होई. “तू शिकलेली आहेस,” मामंजी मला म्हणाले, “घड्याळाशी प्रामाणिक राहशील.” मी राहिले. दर पहिल्या सोमवारी साडेअकरापासून माजघरातल्या घड्याळासमोर पाट टाकून बसे. दर वेळी पावणेबाराला खळ्यात शिट्टी वाजे आणि न उघडलेलं पाकीट मी परत करी.

त्या वैशाखात मात्र पावणेबारा वाजले, शिट्टी वाजली नाही. दहा मिनिटं कमी, पाच मिनिटं कमी. बाराचे ठोके पडले. धाकट्या सासूबाई पळी हातात घेऊन आल्या. “पाच मिनटां थांब गो.” मी म्हटलं, “पाकिटावर बारा लिहिलंय, सासूबाई,” आणि लाख फोडली!

आत फौजदारांच्या नावे इंग्रजी पत्र होतं. पोलिसांना मराठीत लिहिलं तर ते भांडण समजतात आणि इंग्रजीत लिहिलं तर गुन्हा, असं मामंजींचं मत होतं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा मी एकतर कोंडलेला किंवा मारलेला असेन. तरी जागेचा मालक या नात्यानं मी आपणास विनंती करतो की भरपूर शिपाई घेऊन यावे, अकराच्या अकरा खोल्यांची झडती घ्यावी, खाटांखाली, रांजणांत, माळ्यांवर आणि विहिरीत पाहावे. खाली वळणदार सही. मी चपला घातल्या आणि भर उन्हात चौकीकडे जवळजवळ पळतच गेले.

फौजदार घाटावरून आठच दिवसांपूर्वी बदलून आले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. “आल्या दिवसापासून या ओळीबद्दल ऐकतोय, पण तक्रार करायला कोणी पुढं येत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि आज खुद्द मालक म्हणतोय, झडती घ्या!” त्यांनी सात शिपाई घेतले. त्यांच्यामागून चालताना पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की आपण मामंजींना सोडवायला निघालो आहोत खरं, पण या पत्रानं दुसरंच कोणीतरी अडकायचं.

ओळीत शिरलो तर सगळी गर्दी पाचव्या खोलीपाशी. ती भामाची. भामा खलाशांसाठी खानावळ चालवी. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गलबतावर गेला तो गेलाच. पदरात दोन लहान मुली आणि आंधळी सासू. मला बघून भामा गर्दीतून आली आणि तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. “वयनीनू,” ती कुजबुजली, “काका वरती माळ्यार आसत. बरे आसत. शिडयेची पायरी मोडली. पण माळ्यार गोव्याच्या दारूचे डबे आसत! माझे नाय, ठेवूक दिलेले. आज सांजच्याक जातले होते. पोलिसांनी बघल्यानी तर माझी चेडवां कोण बघतलो?”

मामंजी जिवंत होते, धडधाकट होते, आणि माझ्या बाराच्या ठोक्यामुळे ही बाई तुरुंगात जाणार होती!

आत वाकून पाहिलं. माळ्याच्या कडेवर मामंजी बसले होते. कौल बदलायला म्हणून चढले, शिडी मोडली आणि तासभर तिथंच. खाली तांडेल दोन्ही हात वर करून उभा. “काकानू, माझ्या खांद्यार पाय ठेवा आणि येवा खाली!” आणि वरून मामंजी, “तुझ्या खांद्यार पाय ठेवून येतलंय खंय? तुझ्याच हातात मरे!”

एवढ्यात फौजदार आत आले. भामानं प्रसंग ओळखून चुलीतल्या निखाऱ्यांवर सुके बांगडे टाकले. खोली धुरानं आणि वासानं अशी भरली की दुसरा कसला वास येण्याची सोय राहिली नाही. फौजदार डोळे पुसत म्हणाले, “या खाली. आता तुम्ही सुरक्षित आहात.”

मामंजींनी खाली पाहिलं. फौजदार, सात शिपाई, माझ्या हातातलं फोडलेलं पाकीट, दारातल्या भामाच्या दोन मुली. सगळं त्यांच्या ध्यानात आलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आता ते भीतीनं खरं बोलून टाकतील असं वाटून मी डोळे मिटले. आणि वरून स्वच्छ पुस्तकी मराठीत आवाज आला, “साहेब, मी सुरक्षितच आहे. वर मात्र येऊ नका. वासा कुजला आहे, एकच माणूस पेलतो.”

“वर काय आहे?”

“जे काय आहे ते माझं आहे,” मामंजी म्हणाले. “बाईंना खोली भाड्यानं दिलीय. माळा दिलेला नाही. माळा मालकाचा.”

मुलांनो, मांजराला घाबरणारा माणूस हे बोलला! ठिगळांचा कोट त्यांनी मागं पसरून ठेवला होता, आणि तो सपाट नव्हता, गोल गोल उंचवट्यांचा होता. त्यांचे पाय मात्र त्यांचं ऐकत नव्हते. ते असे थरथरत होते की माळ्याची धूळ फौजदारांच्या टोपीवर सारखी पडत होती. फौजदारांनी टोपी झटकली, वर रोखून पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, “शेजारून दुसरी शिडी आण.”

शिपाई वळला, तोच तांडेल मधे उभा राहिला. हात जोडून, अगदी नम्रपणे. “सायबानू, माणूस वरती अडाकलो हा. उतरवच्या आदी गाऱ्हाणा घालूक व्हया.” आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या त्या वादळात ऐकू जाणाऱ्या आवाजात त्यानं सुरुवात केली, “बा देवा राखणदारा म्हाराजा!” सातही शिपाई इथलेच. सातांनी टोप्या काढल्या, हात जोडले आणि एका दमात म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाणं चालू असताना जागचं हलायचं नसतं, हे फौजदारांना ठाऊक नव्हतं. आणि तांडेलाला गाऱ्हाणं कुठं संपवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणजे त्या दिवशी तरी. त्यानं गावचा देव घेतला, शिवेवरचा देव घेतला, खाडीच्या तोंडावरचा घेतला. मोडलेली पायरी ज्या फणसाची होती तो फणस घेतला. मामंजींचे वडील, आजोबा, त्यांनी बसवलेली कौलं घेतली. “व्हय म्हाराजा!” फौजदार शिपायाच्या कानाशी वाकून म्हणाले, “अरे, हे किती वेळ?” शिपाई ओठ न हलवता म्हणाला, “सायबानू, मदी हललो तर ज्याच्यासाठी घातला तेच्यार येता.” तांडेल तिकडे नव्या दमानं म्हणत होता, “हे जे सायब घाटावरसून इले, तेंची बायको-पोरां थय आसत, तेंका सुखी ठेव! तेंची बदली बऱ्या गावात कर, लवकर कर रे म्हाराजा!” याला शिपायांनी “व्हय म्हाराजा!” म्हटलं ते कौलं हलतील अशा आवाजात.

दीड वाजला. घामानं, धुरानं आणि भुकेनं बेजार झालेले फौजदार माझ्याजवळ आले. “बाई, तुमची काही तक्रार आहे?”

“मामंजी सापडले,” मी म्हटलं. “तक्रार नाही.”

त्यांनी पत्राची घडी करून माझ्या हातात परत दिली. एकवार त्या उंचवट्यांच्या कोटाकडे पाहिलं, एकवार मुलींकडे. “पुढच्या वेळी,” ते म्हणाले, “घड्याळ पाच मिनिटं मागं ठेवत जा.” आणि शिपाई घेऊन निघून गेले. त्यांना किती कळलं होतं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मग मामंजींनी डोळे मिटले आणि उजवा पाय तांडेलाच्या खांद्यावर ठेवला. तांडेलानं त्यांना लहान मुलासारखं अलगद जमिनीवर उतरवलं. भामा पाया पडायला आली तर मामंजी छत्री पुढं करून कडाडले, “संध्याकाळच्या आत माळो रिकामो झालो व्हयो! परत असली वस्तू थय दिसली तर याद राख, मी परत चढतलंय!” भामा रडता रडता हसायला लागली. “नको काकानू! खानावळ बरी माझी. तुमी तेवढे चढा नकात!” माळा रिकामा झाला तो कायमचा, पुढं तिथं लाकडं आणि सुकी कोकमंच दिसली. त्या दिवशी निघताना मामंजी नियमाप्रमाणे मागं मागं चालत आले आणि थेट तांडेलाच्या छातीवर आपटले. पण शिट्टीला हात गेला नाही.

घरी येताना मी रडकुंडीला आले होते. “माझंच चुकलं,” मी म्हटलं. ते म्हणाले, “तू चुकली नाहीस. बारा म्हणजे बारा. पत्र चुकलं.”

पुढच्या पहिल्या सोमवारी काहीच बदललं नव्हतं. तोच कोट, तीच शिट्टी, खळ्यातली तीच धावपळ. फक्त पाकिटावर एक ओळ वाढली होती: ‘बारा वाजेपर्यंत न आल्यास उघडावे व तांडेल, खोली तीन, यांस कळवावे.’ पुढची दहाएक वर्षं पाकिटावर तेच नाव होतं. तांडेलाला वाचता येत नव्हतं, हे मामंजींना माहीत होतं. आणि भामाच्या दारात ते पेलाभर सोलकढी घेऊ लागले होते, अर्थात उंबऱ्याजवळ बसून.

गोव्यातून पोर्तुगीज गेले, मामंजींची दृष्टी मंदावली, आणि मुंबईला मुलानं त्यांना उपचारांसाठी बोलावलं. एस.टी. स्टँडवर अख्खी ओळ आली होती. तांडेलाची पाठ वाकली होती, आवाज मात्र तोच. गाडीच्या दाराशी उभा राहून तो म्हणाला, “बा देवा म्हाराजा! आमचो काका परक्या मुलखात चल्लो. थय खंयच्याय ओळीत तेणी पाय घातल्यानी, तर ‘व्हय’ म्हणूक थय कोण तरी ऱ्हवांदे रे म्हाराजा!” ड्रायव्हर, कंडक्टर, उतारू, सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” मामंजींनी खिडकीतून माझ्या हातात पाकीट दिलं. वर लिहिलं होतं, ‘......वाजेपर्यंत न आल्यास उघडावे.’ वेळेची जागा कोरी होती. मी विचारायला तोंड उघडलं तोवर गाडी हलली.

ते परत आले नाहीत. पाकीट माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, डावीकडे. लाख अजून शाबूत आहे. वेळ लिहिलेली नाही, तेव्हा उघडायची वेळ झाली असं मला म्हणता येत नाही.

तुम्ही तिकडे परदेशात सारख्या खोल्या बदलता. नवी जागा बघायला कुठल्या कुठल्या वस्तीत जाता आणि “आजी, काळजी करू नकोस,” असं नंतर कळवता. पाकीट नको, लाख नको, इंग्रजी पत्र तर नकोच. कुठं जाताय आणि किती वाजेपर्यंत परत येणार, एवढं निघायच्या आधी कळवत जा. तुमच्याकडे किती वाजले की इथं किती, ते मी कागदावर लिहून घड्याळाखाली चिकटवलं आहे. वेळेची जागा कोरी ठेवू नका. मी समोर बसून असेन, आणि पाच मिनिटं वरची धरीन.